मुलतान रोडच्या पाट्या : लाहोरी चित्रपटांचं पहिलं अर्धं मिनिट वाचवताना

७ जानेवारी २०२४

ब्रॅडफर्डला आमच्या गल्लीत राहणारे चाचा मूळचे लाहोरचे. ऐंशीच्या दशकात त्यांची इथे व्हिडिओ लायब्ररी होती. ती बंद झाल्यावर कॅसेटी गॅरेजमध्ये गेल्या आणि तिथेच राहिल्या. आता ते गॅरेज रिकामं करतायत. खोक्यांमध्ये उर्दू आणि पंजाबी चित्रपट आहेत, बहुतेक लाहोरला झालेले.

पूर्ण चित्रपट उतरवून घेणं एकट्या माणसाच्या आवाक्यातलं नाही, आणि त्यातले पुष्कळ इंटरनेटवर कुणी ना कुणी चढवलेले आहेत. पण चढवलेल्या प्रती उघडून पाहिल्या तर चित्रपट एकदम नामावलीच्या मधूनच सुरू होतो. सेन्सॉरचं प्रमाणपत्र, वितरकाची पाटी, स्टुडिओचा लोगो, सगळं छाटलेलं. छाटणाऱ्याला तो कचरा वाटतो. मला तेच हवं आहे. कोणत्या काळात कोणत्या स्टुडिओने स्वतःचं नाव पडद्यावर कसं मांडलं, कोणत्या लिपीत, कोणत्या आवाजासह, हे फक्त त्या अर्ध्या मिनिटात असतं.

म्हणून काम एवढंच ठरवलं: प्रत्येक कॅसेटची पहिली दहा मिनिटं, काहीही न कापता, उतरवायची आणि त्यातल्या सुरुवातीच्या पाट्यांची यादी करायची. मी पुण्याचा. प्रभातची तुतारी वाजली की चित्रपट सुरू झाला हे आमच्याकडे लहान पोरालाही कळायचं. लाहोरच्या प्रेक्षकाच्याही ओळखीच्या अशा खुणा होत्या. त्या जाऊ नयेत असं मनापासून वाटतं.

१३ जानेवारी

यंत्र घेतलं. जुना एस-व्हीएचएस व्हीसीआर, पाल या भारत-ब्रिटनमधल्या टीव्ही पद्धतीचा, १४० पौंड. महाग वाटला, पण एस-व्हिडिओचं आउटपुट हवंच होतं. त्यात उजेड आणि रंग वेगवेगळ्या तारांतून येतात, त्यामुळे अक्षरांच्या कडेला रंगांची गिजबिज होत नाही. आपलं सगळं काम अक्षरांचं आहे, तेव्हा इथे काटकसर करू नका.

टाइम बेस करेक्टर, म्हणजे टेपचा डगमगता सिग्नल सरळ करणारं यंत्र, परवडण्यातला नव्हता. त्याऐवजी जुना डीव्हीडी रेकॉर्डर २५ पौंडांना मिळाला. त्यात रेकॉर्ड काहीच करायचं नाही, सिग्नल फक्त त्याच्यातून पुढे जाऊ द्यायचा. डगमगणाऱ्या उभ्या रेघा बऱ्याच सरळ होतात. सगळे रेकॉर्डर हे करत नाहीत, विकत घेण्याआधी तपासून घ्या. कॅप्चरचं यूएसबी यंत्र माझ्याकडे होतं. चार टेराबाइटची हार्ड डिस्क ८५ पौंड.

२१ जानेवारी

पहिला आठवडा कॅसेटी उघडण्यातच गेला. गॅरेज ओलं. काही कॅसेटींच्या खिडकीतून टेपच्या गुंडाळीवर पांढरी भुकटी दिसते. ती बुरशी. अशी कॅसेट यंत्रात घालायची नाही. एका कॅसेटची बुरशी टेप वाचणाऱ्या हेडच्या फिरत्या ड्रमवर बसते आणि तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. त्या वेगळ्या पिशव्यांत बांधून कोरड्या खोलीत ठेवल्या आहेत.

हेड साफ करायला कापसाचा बोळा वापरू नका, तंतू हेडच्या फटीत अडकतात. मऊ चामड्याचा तुकडा, त्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल, तो ड्रमला टेकवून स्थिर धरायचा आणि ड्रम हाताने फिरवायचा. वर-खाली घासलं की हेड तुटलंच समजा.

२८ जानेवारी

पहिल्या खेपेच्या कॅसेटी चालवल्या आणि लोगोच मिळेनात. यंत्रात कॅसेट घातली की निळा पडदा, मग एकदम चित्र, आणि तोवर नामावली सुरू झालेली.

मूळ कारण असं आहे. सिनेमाच्या रिळात सर्वांत जास्त झीज होते ती पहिल्या रिळाच्या तोंडाची. दर खेळाला तेच टोक प्रोजेक्टरमध्ये ओवलं जातं, तेच जमिनीवर लोळतं, तुटलं की तिथेच दोन-चार फ्रेम कापून जोडलं जातं. व्हिडिओ कॅसेटचंही तसंच: घरोघरी कॅसेट घातली की टेप सुरुवातीलाच ओढली जाते, तिथेच चुरगळते. लोगो बसतो बरोबर या दोन्ही झिजलेल्या टोकांवर. चित्रपटाचा मधला भाग सुस्थितीत असताना लोगो गेलेला असतो तो यामुळे.

२ फेब्रुवारी

निळ्या पडद्याचा उलगडा झाला. सिग्नल कमजोर वाटला की हे व्हीसीआर स्वतःच चित्र झाकून निळा रंग दाखवतात, आवाजही बंद करतात. बघणाऱ्याला मुंग्या दिसू नयेत म्हणून केलेली ती सोय. मेनूमध्ये ती बंद करता येते. बंद केल्यावर त्याच कॅसेटींवर मुंग्यांच्या आडून अक्षरं दिसायला लागली. काही ठिकाणी आवाज पूर्ण मिळाला, चित्र अर्धंच. तेही ठेवलंय.

दुसरी दुरुस्ती ट्रॅकिंगची, म्हणजे हेड टेपवरच्या रेघांवर नेमकं बसवण्याची. आपोआप ट्रॅकिंग करणाऱ्या यंत्राला जम बसायला काही सेकंद लागतात, आणि नेमके तेच सेकंद आपले असतात. आता अशी पद्धत: आधी कॅसेट शेवटपर्यंत पुढे नेऊन पूर्ण मागे आणायची, म्हणजे गुंडाळी सारखी बसते. मग पाचेक मिनिटं पुढे जाऊन, चित्र स्वच्छ असलेल्या जागी, ट्रॅकिंग हाताने लावायचं. कॅसेट बाहेर न काढता पुन्हा सुरुवातीला यायचं आणि कॅप्चर चालू करून मगच प्लेचं बटण दाबायचं. कॅसेट बाहेर काढली की माझं यंत्र लावलेलं ट्रॅकिंग विसरतं.

पहिल्या खेपेच्या सगळ्या कॅसेटी परत कराव्या लागणार. वेळ गेला, पण इलाज नाही.

११ फेब्रुवारी

उतरवण्याचा साचा ठरला. हफयूव्हीमध्ये, म्हणजे काहीही न गमावता आकुंचन करणाऱ्या साच्यात, ७२० बाय ५७६. तासाला साधारण ३० जीबी धरा. दहा मिनिटांचे पाच जीबी होतात, ते परवडतं. नंतर एफएफव्ही१ या तशाच दुसऱ्या साच्यात बदलून ठेवतो, जागा वाचते आणि काहीच गमावत नाही.

कुणी थेट एमपी४ करून ठेवत असेल तर थांबा. लोगोवर बहुधा काळ्या पार्श्वभूमीवर हळूहळू उजळणारी अक्षरं असतात. असल्या आकुंचनात पहिला बळी जातो तो याच काळोखाचा. त्याचे चौकोन पडतात आणि अक्षर नेमकं कोणत्या फ्रेमला उमटलं ते सांगता येत नाही.

१८ फेब्रुवारी

आता कोणाचा लोगो कोणता, हा प्रश्न. आधी थोडी पार्श्वभूमी, कारण यादी त्यावरच उभी राहणार.

लाहोरचे मोठे स्टुडिओ मुलतान रोडच्या आसपास. एव्हरन्यू हा आगा जी. ए. गुल यांचा. त्यांचं एव्हरन्यू पिक्चर्स १९४९ मध्ये ‘मुंदरी’ हा पंजाबी चित्रपट घेऊन आलं होतं, आणि १९५६ च्या ‘दुल्ला भट्टी’च्या कमाईतून स्टुडिओ उभा राहिला असं लाहोरात सांगतात. बारी स्टुडिओची गोष्टही तशीच, तो १९५७ च्या ‘यक्के वाली’च्या पैशातला. शाहनूरची जागा त्याआधीची: रूप के. शोरी यांचा स्टुडिओ १९४७ च्या दंगलीत जळाला, शोरी सरहद्दीच्या अलीकडे आले, आणि मुंबई सोडून गेलेल्या शौकत हुसेन रिझवी व नूरजहाँ यांना ती जागा मिळाली. दोघांच्या नावांचा मेळ घालून झालं शाहनूर.

पहिली अडचण इथेच आली. ‘एव्हरन्यू स्टुडिओ’ हे नाव असंख्य चित्रपटांत येतं, कारण दुसरे निर्माते ती जागा भाड्याने घेत. तेव्हा नामावलीत ‘अमुक स्टुडिओत तयार झाला’ अशी ओळ असते. तो त्या स्टुडिओचा चित्रपट नव्हे. सुरुवातीला ‘सादर करत आहे’ म्हणून येणारी पाटी वेगळी आणि नामावलीतली ही ओळ वेगळी. यादीत दोन्हींसाठी स्वतंत्र रकाने केले. हे न केल्यामुळे इंटरनेटवरच्या कितीतरी याद्यांत दुसऱ्यांचे चित्रपट एव्हरन्यूच्या खात्यावर पडलेले आहेत.

२५ फेब्रुवारी

अंधूक पाट्या वाचण्याची रीत सापडली, आणि या सगळ्या कामात मला सर्वांत उपयोगी पडली ती हीच. मला उर्दू लिपी अडखळत वाचता येते. पण पुसट कॅसेटवर नस्तालीक, म्हणजे उर्दूची तिरकी वाहती लेखनशैली, चाचांनाही वाचता येत नाही. तिथे अक्षर वाचायचंच नाही, तुटक-जोड आणि नुक्ते, म्हणजे अक्षरांचे टिंब, बघायचे.

उर्दूत अलिफ, वाव आणि रे ही अक्षरं पुढच्या अक्षराला जोडली जात नाहीत. एव्हरन्यू लिहिताना उजवीकडून अलिफ एकटा, मग ये-वाव जोडून, मग रे एकटा, मग नून-ये-वाव जोडून. म्हणजे एक उभी रेघ, एक जोडी, एक खाली झुकलेली रेघ, एक तिघांचा गट. नुक्ते पाहिले तर खाली दोन, वर एक, पुन्हा खाली दोन. शाहनूरमध्ये सुरुवातीलाच शीनच्या डोक्यावर तीन नुक्ते, ते धुरकटलेले असले तरी एक ठसठशीत डाग पडतोच. पुढे नूनचा एक, वरच. खाली काहीच नाही. बारीमध्ये अख्ख्या शब्दाला एकच नुक्ता, बेच्या खाली.

याने खोक्यातल्या बऱ्याच ‘ओळखू न आलेल्या’ पाट्या ओळखू आल्या. फक्त एका जोडीत गफलत होते: एव्हरन्यू आणि एव्हररेडी. एव्हररेडी पिक्चर्स हे जे. सी. आनंद यांचं, १९४६ पासूनचं, पुढे कराचीतून चालणारं मोठं वितरण घराणं. नावांची सुरुवात सारखीच. शेवट बघायचा: एव्हररेडीत डालवर छोट्या तोय अक्षराची खूण असते आणि शब्द मोठ्या वळणाने संपतो. एव्हरन्यू वावच्या गोल गाठीने संपतो. शिवाय क्रमही बघावा. आधी प्रमाणपत्र, मग वितरक, मग निर्मिती संस्था, मग चित्रपटाचं नाव, असा क्रम बहुतेक ठिकाणी मिळाला.

३ मार्च

एका कॅसेटवरची पाटी काही केल्या वरच्या रीतीत बसेना. रोमन अक्षरांचा भाग पूर्ण जळून पांढरा झालेला, फक्त उर्दू उरलेलं. चाचांना दाखवली. त्यांनी मान तिरकी केली आणि म्हणाले, “बेटा, ये तो उल्टी छपी है.”

फिल्म व्हिडिओवर उतरवताना उलट्या बाजूने लावली गेली होती. रोमन अक्षरं असती तर कुणाच्याही लक्षात आलं असतं. आता वाचता न आलेली प्रत्येक पाटी आधी आडवी उलटवून बघतो. अजून दोन सापडल्या.

१० मार्च

वर्ष ठरवणं. प्रमाणपत्रावरची तारीख बघून वर्ष लिहायला गेलो तर गडबड होते. पन्नास आणि साठच्या दशकातले चित्रपट पुढे पुन्हा प्रदर्शित झाले, तेव्हा नव्याने प्रमाणपत्र घेतलं गेलं आणि ते प्रतीच्या तोंडाला चिकटवलं गेलं. त्यामुळे प्रमाणपत्राची तारीख त्या प्रतीची, चित्रपटाची नव्हे.

पण तेच प्रमाणपत्र प्रत केव्हाची हे छान सांगतं. त्यावर कायद्याचा उल्लेख असेल तर सोपं. १९६३ चा सेन्सॉरशिप ऑफ फिल्म्स कायदा असेल तर प्रत त्यानंतरची, १९७९ चा मोशन पिक्चर्स ऑर्डिनन्स असेल तर झिया-उल-हक यांच्या काळातली किंवा पुढची. नवीन डिजिटल प्रतींवर काम करणाऱ्यांसाठी: २०१० च्या घटनादुरुस्तीनंतर सेन्सॉरचा विषय प्रांतांकडे गेला, त्यामुळे पंजाबचं किंवा सिंधचं मंडळ दिसलं तर प्रत अगदी अलीकडची.

आणि मग प्रश्न येतो: जुन्या चित्रपटाला नवीन प्रत काढताना लोगो जुनाच ठेवला, की नवा जोडला? इथे दोन्ही प्रकार मिळाले. एकाच चित्रपटाच्या दोन कॅसेटी, दोन वेगळ्या वितरकांच्या, आणि दोघींची तोंडं वेगळी. म्हणून यादीत आता तीन तारखा: चित्रपटाचं वर्ष, प्रतीचा काळ, कॅसेटचा काळ. लोगोचं वर्ष असा रकाना मुद्दाम ठेवला नाही. तो निष्कर्ष आहे, पुरावा जमल्यावर काढायचा.

उर्दू आकड्यांत लिहिलेलं साल असेल तर सात आणि आठ जपून वाचा. सात म्हणजे वर उघडी चिमटी, आठ म्हणजे तीच उपडी. कॅसेटवर दोन्ही पुसट तिकोनासारखे दिसतात.

२४ मार्च

फ्रेम सुट्या करताना आठवडा वाया गेला. इंटरलेस, म्हणजे व्हिडिओच्या फ्रेमची सम-विषम ओळींत केलेली विभागणी, काढायला सगळे सुचवतात ते जड फिल्टर लावले. चित्र मऊ झालं, बारीक नुक्ते गेले, आणि आपलं सगळं ओळखणं नुक्त्यांवरच.

खरं तर गरजच नव्हती. फिल्मच्या सेकंदाला २४ फ्रेम असतात. पालमध्ये ती थोडी वेगाने, २५ च्या गतीने चालवतात आणि एका फिल्म-फ्रेमचे दोन फील्ड, म्हणजे सम आणि विषम ओळींचे दोन भाग, करतात. म्हणजे दोन्ही फील्ड एकाच क्षणाचे असतात, फक्त काही कॅसेटींवर जोडी एक घर सरकलेली असते. फील्ड जुळवून घेतले की मूळ फ्रेम जशीच्या तशी मिळते. गाळणी नको, अंदाज नको.

त्याच कारणाने आवाज सुमारे चार टक्के वेगाने आणि अर्ध्या सुराहून थोडा कमी चढा असतो. लोगोवरच्या संगीताची लांबी किंवा सूर लिहिताना २४ ची गती परत लावून मगच लिहा. दोन संग्राहक एकाच धुनेला दोन वेगळे लोगो समजून बसलेत, असं मला एका यादीत दिसलं. एकाची प्रत पाल होती, दुसऱ्याची अमेरिकेतली, जिथे अशी गती वाढवत नाहीत.

७ एप्रिल

रंगीत काळात आलो. पश्चिम पाकिस्तानातला पहिला पूर्ण रंगीत चित्रपट ‘नायला’, १९६५, शरीफ नय्यर यांचं दिग्दर्शन, रझिया बट यांच्या कादंबरीवरून, शमीम आरा, संतोष कुमार आणि दर्पण, आणि निर्माते आगा जी. ए. गुलच. देशातला पहिला रंगीत मात्र त्याच्या वर्षभर आधीचा, ढाक्याच्या झहीर रायहान यांचा ‘संगम’.

रंगीत प्रतींवरचे लोगो जवळजवळ सगळे गुलाबी. ईस्टमनकलरमध्ये निळसर-हिरवा रंग आधी उडतो, उरतो तो लालसर-जांभळा. व्हिडिओवर उतरवतानाच प्रत अशी झालेली असेल तर कॅसेट कितीही चांगली असो, उपयोग नाही.

अक्षरं पांढरी धरून रंग जुळवून पाहिले. चित्र एकदम ताजं दिसलं, आणि म्हणूनच थांबलो. अक्षरं मुळात पिवळी असतील तर? सोनेरी असतील तर? पांढरी मानून मी जो रंग काढला तो माझा, स्टुडिओचा नाही. ठरवलं की मूळ गुलाबी फ्रेम हीच नोंद. दुरुस्त केलेली बाजूला, ‘अंदाज’ असं नावातच लिहून. जिथे चौकटीत कुठे प्रमाणपत्राचा पांढरा कागद त्याच रिळावर मिळाला, तिथे तो आधार घेतलाय. तरी कागदही पिवळा पडतो, हे लक्षात असू द्या.

२१ एप्रिल

सिनेमास्कोप, म्हणजे भिंगाने आडवं दाबून टिपलेलं रुंद पडद्याचं चित्र. यात दोन तऱ्हा. एकीत बाजू कापलेल्या, नावाचं पहिलं आणि शेवटचं अक्षर चौकटीबाहेर. दुसरीत चित्र दाबून बारीक केलेलं, अक्षरं बांबूसारखी उंच. दुसरी तऱ्हा आपल्याला सोन्यासारखी, कारण पूर्ण पाटी चौकटीत असते. नामावली संपली की हेच व्हिडिओवाले दाबणं सोडून कापायला लागतात.

किती ताणायचं? स्कोपच्या भिंगाचं गुणोत्तर दोन आहे म्हणून दुप्पट करून टाकू नका, टीव्हीवर उतरवणाऱ्याने आपल्या मनाने कमी-जास्त केलेलं असतं. पाटीत काही गोल असेल, शिक्का, सूर्य, घड्याळ, तर त्याची उंची-रुंदी मोजून तेवढंच ताणा. गोल काहीच नसेल तर नुक्ते मोजा. नस्तालीकचा नुक्ता कलमाचा, चौकोनी आणि तिरका. त्याची उंची आणि रुंदी सारखी झाली की माप जवळपास बरोबर.

५ मे

खोक्याच्या तळाशी ‘वादा’ मिळाला, १९५७, डब्ल्यू. झेड. अहमद यांचा. यांचा शालिमार स्टुडिओ फाळणीआधी पुण्यात होता. जोश मलिहाबादी, कृश्न चंदर असे लोक तिथे पगारावर होते. सत्तेचाळीसनंतर अहमद लाहोरला गेले. पुण्यात वाढून मला ते नाव ब्रॅडफर्डच्या गॅरेजमध्ये वाचायला मिळालं. टेप मात्र सुरुवातीलाच तुटलेली.

तुटलेलं टोक जोडलं. व्हिडिओच्या टेपला साधी चिकटपट्टी कधीच लावायची नाही, डिंक हेडवर येतो. जोडपट्टी वेगळी मिळते, टेपच्या पाठीला, चकचकीत नसलेल्या बाजूने लावायची म्हणतात, पण टेपेगणिक चमक फसवते: जी बाजू ड्रमला टेकते तिला लावायची नाही एवढं पक्कं धरा. आणि जोड ड्रमवरून एकदाच जाऊ द्या, कॅप्चर चालू ठेवून. दुसरी संधी मिळेलच असं नाही. मला चुरगळलेल्या सुरुवातीतून आवाज आणि काही सुट्या फ्रेम मिळाल्या.

१९ मे

बुरशीच्या कॅसेटी. कोरड्या झाल्यावर, घराबाहेर, तोंडाला मास्क लावून उघडल्या. टेपची चाकं स्वच्छ रिकाम्या कवचात घातली, गुंडाळीच्या कडेवरची भुकटी मऊ कोरड्या कापडाने टिपली आणि या कामासाठी बाजूला ठेवलेल्या दहा पौंडांच्या यंत्रावर चालवल्या. प्रत्येक कॅसेटीनंतर ड्रम साफ. निम्म्याहून जास्त चालल्या. उरलेल्या टेपेचे थर एकमेकांना चिकटलेत, त्या ओढून उलगडायच्या नाहीत. तशाच ठेवल्यात.

२ जून

आतापर्यंतचा खर्च : व्हीसीआर १४०, रेकॉर्डर २५, डिस्क ८५, बुरशीवालं यंत्र १०, जोडपट्टी, अल्कोहोल, रिकामी कवचं मिळून ३० च्या आसपास. २९० पौंड. वेळ सगळ्यात जास्त गेला तो दोन गोष्टींत: निळा पडदा चालू ठेवून केलेली पहिली खेप, आणि नको असलेले फिल्टर.

यादीत प्रत्येक पाटीसाठी सध्या हे रकाने आहेत: नाव कोणत्या लिपीत आधी, उर्दू वर की रोमन, पाटी स्थिर की हलती, आवाज आहे की नाही, वर ७८६ किंवा बिस्मिल्ला आहे का, २४ च्या गतीने किती सेकंद, सुरुवात कापलेली आहे का, आणि वर सांगितलेल्या तीन तारखा. चित्राचं वर्णन सर्वांत शेवटी. वर्णन आधी लिहायला घेतलं की डोळ्याला तेच दिसायला लागतं.

चाचांनी ओळखीच्या आणखी एका जुन्या लायब्ररीवाल्याला फोन केलाय, तो लूटनला असतो. त्याला निरोप एवढाच दिला आहे: कॅसेटी कुणाला डिजिटल करायला दिल्यात तर सांगा, सुरुवातीचं काही कापू नका, काळा पडदासुद्धा. काही वितरकांच्या कॅसेटींवर लोगोचा आवाज चित्र उमटण्याआधी, काळ्या पडद्यावरच सुरू होतो, हे मला एप्रिलमध्ये कळलं.

९ जून

लूटनहून दोन खोकी आली. वरच्या कॅसेटींना बुरशी नाही. उद्या गुंडाळी सारखी करून घेतो.